वीस तारीख आणि 'अटकलेली' टॅली

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवर चौकाच्या आसपास कर सल्लागारांच्या पाट्यांना तोटा नाही. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. आदल्या संध्याकाळपासून माझा फोन वाजायला लागतो. "काका, टॅली अटकली." हिशेबाचं हे सॉफ्टवेअर अडकलं की मराठी घरातली पोरंही इथं 'अटकली'च म्हणतात. पुढचा प्रश्न मला पाठ आहे: "डेटा फार मोठा झालाय, नवा कम्प्यूटर घ्यावा लागेल ना?"

बहुतेक वेळा नाही. बँकेत आपण शिल्लक विचारतो, कारकून वही बघून आकडा सांगतो. साध्या मल्टियूजर टॅलीत असा कारकून नसतो. प्रत्येक टेबलावरचा कम्प्यूटर मुख्य मशीनच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून पानंच्या पानं स्वतःकडे ओढतो आणि बेरीज स्वतः मारतो. म्हणून मुख्य मशीनची रॅम दुप्पट केली तरी तिसऱ्या टेबलावरची मुलगी तितकीच ताटकळते. १०० एमबीपीएसच्या स्विचमधून मुख्य मशीनकडून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी निघतात, तेही सगळ्यांत वाटून. वायफाय याहून बेभरवशाचं. 'गोल्ड लायसन्स घेतलंय की!' असं कोणी म्हणतं. गोल्डमुळे लॅनवर अनेकांना काम करायची परवानगी मिळते, वेग नाही. टॅलीप्राइम सर्व्हर हा वेगळा, वेगळ्या पैशांचा माल.

गेल्या पावसाळ्यात एका कापडाच्या पेढीत गेलो. मुख्य मशीनवर स्टॉक समरी लगेच उघडत होती, पलीकडच्या टेबलावर चहा येऊन संपला तरी नाही. खाली वाकून पाहिलं: केबल खुर्चीच्या चाकाखाली येऊन चपटी झालेली, कनेक्टरची क्लिप तुटलेली, वरून सेलोटेप. मालक मात्र व्हायरसचं नाव घेत होते, कारण आठवड्यात दोनदा 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' आलं होतं.

व्हायरस डेटा बिघडवू शकतो, नाही असं नाही. पण मला भेटलेली बिघडलेली खाती बहुधा अर्धवट लिहिलेली होती. एक व्हाउचर सेव्ह होताना नोंद, लेजर, स्टॉक, अनुक्रमणिका अशा अनेक जागी लिहिलं जातं; मधेच वाट तुटली की काही लिहिलं गेलं, काही राहिलं. पेढीत दोन्ही कम्प्यूटरला यूपीएस होता, स्विच मात्र थेट भिंतीच्या प्लगमध्ये. लाईट गेली की दोन्ही पडदे चालू आणि मधला पूल गायब! निम्म्या फ्रीगंजात हीच जोडणी असेल, अशी माझी शंका आहे.

पेढीच्या मालकांनी टॅलीतलं 'रिपेअर' मात्र चार वेळा मारलं होतं. कंट्रोल-ऑल्ट-आर म्हणजे रामबाण, हा समज फार जुना, ईआरपी ९ मध्ये त्याला रीराइट म्हणायचे तेव्हापासूनचा. ते वाचता येतील त्या नोंदींवरून खाती पुन्हा रचतं. जी वाचता येत नाही ती गळू शकते. म्हणून आधी सगळ्यांनी टॅली बंद करावी, कंपनीचं आकडी नावाचं फोल्डर (१०००० सारखं) जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करावं, आणि मग रिपेअर. कंपनी उघडत असेल तर स्टॅटिस्टिक्समधली व्हाउचरची संख्या आधी कागदावर टिपून ठेवावी, नंतर ताडून पाहावी.

"बॅकअप आहे, फोल्डरच गूगल ड्राइव्हला जोडलंय." हे ऐकलं की मी कपाळाला हात लावतो. चालू फाइल तिथं अर्धी उचलली जाते, आणि बिघडलेली फाइल चांगलीवर चढते. टॅलीतूनच बॅकअप घ्यावा, ती फाइल हवी तिथं पाठवावी. महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करून बघावा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. त्याच जागी केला तर चालू कंपनीवरच जुनी बसते.

जुनी वर्षं पुसून हलकं व्हायचं, हा विचारही सोडावा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचे असतात. कंपनी खरोखर जड असेल तर स्प्लिट आहे: आधी व्हेरिफाय, मग तारीख देऊन तुकडे. मूळ कंपनी तशीच राहते, दोन नव्या बनतात.

पेढीत नवा कम्प्यूटर आला नाही. केबल बदलली, गिगाबिट स्विच बसवला, स्विचचा प्लग यूपीएसमध्ये गेला. सेलोटेप मालकांनी काढून टेबलाच्या खणात ठेवली.