बाळंतविड्याची यादी: काय घ्यायचं, काय मागायचं, काय नकोच

आज आपण येणाऱ्या बाळासाठी लागणाऱ्या वस्तूंविषयी बोलणार आहोत.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. त्यामुळं खर्चाचा भार पहिल्यांदा माहेरावर पडतो. गटाच्या बैठकीत 'लेकीच्या बाळंतपणासाठी' म्हणून कर्जाची मागणी येते, तेव्हा मी एकच प्रश्न विचारते: यातलं दवाखान्याला किती आणि दुकानाला किती? हिशोब मांडला की बरेचदा दुकानाचा आकडा मोठा निघतो. लोक काय म्हणतील म्हणून पाळणा, वॉकर, बाटल्यांचा सेट, डब्यात सजवलेली पावडर आणि तेल घेतलं जातं. मग ऐनवेळी बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, की हातात पैसा नसतो. म्हणून पहिला नियम असा ठेवा: गटाचं कर्ज दवाखान्यासाठी राखायचं, वस्तूंसाठी काढायचं नाही. वस्तू यादीनं जमवायच्या.

यादी कशी करायची? सातव्या महिन्यात, डोहाळे जेवणाच्या आधी, एका वहीच्या पानावर चार रकाने पाडा. पहिला 'विकत घ्यायचं', दुसरा 'घरात शिवायचं', तिसरा 'मागून आणायचं' आणि चौथा 'नकोच'. आता एकेक रकाना भरू.

शिवायच्या रकान्यात लंगोट, दुपटी, झबली, टोपडी आणि कुंची येतात. लंगोट किती हवेत याचं गणित सोपं आहे. तान्हं बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. पावसाळ्यात कपडा वाळायला दोन दिवस लागतात. म्हणजे आषाढ-श्रावणात बाळ होणार असेल तर पंचवीस-तीस लंगोट हवेत, उन्हाळ्यात पंधरा-वीसवर भागतं. यासाठी आजोबांचं जुनं धोतर आणि आजीचं सुती लुगडं यांच्याइतकं चांगलं कापड बाजारात मिळत नाही. वारंवार धुऊन मऊ झालेलं असतं, पाणी शोषतं, आणि नव्या कपड्याची खळ त्यात नसते. बाळाला पहिल्यांदा जुनं घालायची आपली रीत आहे, ती यासाठीही शहाणपणाची आहे. फक्त साबणानं स्वच्छ धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

डायपर वाईट नाहीत. प्रवासात, दवाखान्यात, रात्री उपयोगी पडतात. पण रोजच लावायचे म्हटलं तर दिवसाला आठ धरा, महिन्याला दोनशे चाळीस होतात. एक दहा रुपयांचा धरला तरी चोवीसशे रुपये झाले. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत मिळून पाच हजार रुपये मिळतात. ते पैसे आईच्या पोटात चांगलं अन्न जावं म्हणून आहेत. डायपर लावले तर ते दोन महिन्यांत संपतील. शिवाय लंगोटाचा आणखी एक फायदा आहे. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, तर त्याला दूध पुरतंय असं समजायचं. लंगोट मोजता येतात, डायपरमध्ये हे कळत नाही.

कपड्यांच्या मापाकडं लक्ष द्या. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. म्हणून सगळ्यात लहान मापाची चार-पाच झबली पुरेत. पण बारशाला येणारा प्रत्येक जण नेमकं तेच माप आणतो आणि सहा महिन्यांनी बाळाला अंगात घालायला काही नसतं. आषाढात जन्मलेलं बाळ पौषात, म्हणजे ऐन थंडीत, सहा महिन्यांचं होतं. मग स्वेटर सहा महिन्यांच्या मापाचा हवा.

विकत घ्यायचा रकाना छोटा आहे. एक डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेत लावल्यावर ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट यांच्यामधलं तापमान ठीक. त्याच्या वर किंवा खाली गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, आशाताईंना फोन करा किंवा दवाखाना गाठा. दुसरी वस्तू म्हणजे छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. उसाच्या पट्ट्यात, कालव्याच्या काठी राहणाऱ्यांना तिचं महत्त्व सांगायला नको. तिसरी वस्तू बाळाची नखं कापायची लहान कात्री. वजनकाटा घेऊ नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात आणि बाळाचं वजन करतात. ते आपल्या हक्काचं आहे.

काही वस्तू सरकारकडूनही मिळू शकतात. पहिल्या बाळासाठी सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून तिथंच बाळंत होणाऱ्या आईला बेबी केअर किट द्यायची योजना आपल्या राज्यानं आणली. त्यात बाळाचे कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, थर्मामीटर अशा वस्तू असतात. खरेदी करण्याआधी अंगणवाडी ताईंकडं चौकशी करा. ही कल्पना जुनी आहे. फिनलंड नावाच्या थंड देशात १९३८ पासून गरीब घरच्या आयांना बाळाच्या कपड्यांनी भरलेलं खोकं सरकार देऊ लागलं. १९४९ पासून ते सगळ्यांना मिळू लागलं. अट एकच होती, चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात तपासणी करून घ्यायची. त्या खोक्यात तळाशी गादी असायची आणि कित्येक बाळं त्याच खोक्यात झोपली. खोक्याच्या निमित्तानं बाई डॉक्टरांपर्यंत पोचली, हा त्यातला खरा फायदा. म्हणून आपल्या यादीतही पहिली ओळ वस्तूची नको. 'नाव नोंदवलं का, तपासण्या झाल्या का' ही पहिली ओळ लिहा.

आता मागून आणायचा रकाना. यात पाळणा येतो. पाळणा जास्तीत जास्त सहा-सात महिने लागतो आणि नंतर माळ्यावर जातो. गावात चांगले पाळणे पडून आहेत. मागून आणताना तीन गोष्टी बघा. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वादोन इंचांच्या जरा वर, यापेक्षा जास्त नको. त्यातून बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. कड्या, साखळ्या आणि वेल्डिंग हातानं ओढून बघा. आणि रंगाचे पोपडे निघत असतील तर तो पाळणा नको, किंवा खरवडून, धूळ बाळापासून लांब ठेवून, नवा रंग द्या. रंगातल्या शिशावर आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि ते बाळाच्या मेंदूला घातक आहे.

आजी म्हणेल, पाळणा कशाला, साडीची झोळी बांध. झोळीत बाळ शांत झोपतं हे खरं. ऊसतोडीला येणाऱ्या कितीतरी आया फडाच्या कडेला झोळीच बांधतात, त्यांच्याकडं दुसरी सोय नसते. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो. म्हणून वरच्या बाजूला आडवी काठी घालून झोळीचं तोंड रुंद ठेवा, तोंडावर कापड येऊ देऊ नका आणि नजरेआड करू नका. बाळ कूस बदलायला लागलं की झोळी बंद. मोठी भावंडं झोळीशी झोके घेत खेळतात, तेव्हा साडीचा पीळ गळ्याला बसू शकतो. बाळ उठलं की झोळी वर गुंडाळून ठेवायची सवय लावा.

झोपवण्याबद्दल एक लक्षात ठेवा. बाळाला पाठीवर झोपवायचं, घट्ट आणि सपाट गादीवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात. डॉक्टर वर्षभर कुठलीच उशी नको म्हणतात, कारण तोंड तिच्यात दबू शकतं. सारखं एकाच बाजूला डोकं ठेवलं नाही आणि जागेपणी डोळ्यांसमोर पोटावर ठेवलं, की डोक्याचा आकार हळूहळू नीट होतो.

आता चौथा रकाना, 'नकोच'. यात पहिला वॉकर. वॉकरमुळं बाळ लवकर चालतं, असं दुकानदार सांगतो. तसं होत नाही. त्यात बाळ टांगलेलं असतं आणि चवड्यांनी रेटतं, तोल सांभाळायला शिकत नाही. उलट त्याला नको तेवढा वेग मिळतो. आपल्या घरांना उंबरे, ओटे, पायऱ्या आहेत, दारात पाण्याचा हौद आहे, चूल किंवा गॅसची शेगडी आहे. एका क्षणात बाळ तिथं पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा चांगला. त्यात बाळ स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि धरून पुढं ढकलतं. मात्र मोठं माणूस सोबत हवं.

दुसरी नको असलेली वस्तू दुधाची बाटली. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. बाटली आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं मनाई आहे, यातच समजून घ्या. बाटलीच्या बुचात, रबरात दूध अडकतं आणि बाळाला जुलाब होतात. बारामतीच्या एमआयडीसीत, टेक्स्टाइल पार्कात कामाला जाणाऱ्या मुलींनी दूध काढून झाकून ठेवावं आणि घरच्यांनी वाटी-चमच्यानं किंवा जुन्या बोंडल्यानं पाजावं. दोन्ही उकळून स्वच्छ करता येतात. काढलेलं दूध साध्या खोलीत चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी, फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवायला हरकत नाही.

पावडरीचा डबा, काजळाची डबी आणि मध हेही नको. पावडर श्वासात जाते, काजळात शिसं असू शकतं आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर आजार होऊ शकतो. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, डोळ्यांत नको. वाळे, मनगट्या हौसेनं घाला, पण घुंगरू सैल आहेत का ते रोज बघा. गळ्यात दोरा झोपताना नको. खेळणी घेताना आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि जी वस्तू बाळाच्या मुठीत पूर्ण मावते, ती तोंडातही मावते, हे विसरू नका.

एका वस्तूसाठी मात्र नंतर पैसे ठेवा. सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला आणि बाळाला घरी सोडायला गाडी मोफत मिळते, ती मागून घ्या. तान्ह्या बाळाला मोटारसायकलवर आणू नका. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर चार वर्षांपर्यंत दुचाकीवर नेताना त्याला पट्टा आणि हेल्मेट बांधायचं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. वॉकरचे पैसे वाचवा, पट्टा घ्या.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं झालं तर घाबरून महागडं काही आणू नका. डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून, मऊ कापडानं बांधून ठेवा. १९७८ मध्ये कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या म्हणून ही पद्धत सुरू झाली आणि आज जगभरचे दवाखाने ती शिकवतात. बाप आणि आजीसुद्धा बाळाला असं धरू शकतात.

राहता राहिला सगळ्यात अवघड भाग, पाहुण्यांना सांगायचं कसं? आत्या विचारतात, "काय आणू गं पोरी?" आपण भिडेखातर म्हणतो, "काही नको आत्या." मग एकसारखे सहा सेट जमतात. त्यापेक्षा सरळ सांगा, "आत्या, झबली झालीत. सहा महिन्यांच्या मापाचा स्वेटर आणा." मामा वॉकर आणणार असतील तर, "मामा, त्यापेक्षा मच्छरदाणी द्या, रोज कामाला येईल." लेकीला लाज वाटत असेल तर तिच्या आईनं किंवा वहिनीनं सांगावं. यादी आपल्या माणसांना सांगण्यात कमीपणा नाही. बाळंतविडा म्हणजे तरी काय, नात्यातल्या माणसांनी गरज ओळखून उचललेला वाटाच ना?

आणि यादीत बाळंतिणीला विसरू नका. पुढून उघडणारे दोन सुती गाऊन, पॅड, लोहाच्या गोळ्या, खारीक-खोबरं, डिंक, हळीव, तूप हेही लिहा. कुणी विचारलं "काय आणू?" आणि सगळं झालेलं असेल, तर सांगा, "मावशी, काही आणू नका, चार दिवस राहायला या. लंगोट धुवायला आणि तिला दोन तास झोपू द्यायला माणूस हवंय."

हे पान माता-बाल संरक्षण कार्डाच्या फाइलमध्येच ठेवा. पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी पाळणा, पांगुळगाडा, न वापरलेली झबली पडून आहेत, त्यांनी गटाच्या वहीत नोंद करावी. वापरून झालं की धुऊन, पुसून पुढच्या घरी. बाळासाठी काढायचं कर्ज त्यातून जेवढं टळेल, तेवढं त्या घरी दवाखान्याच्या वेळेला हाताशी राहील.