खेड्यातल्या घरात घडणारे प्रशिक्षण

पीस कोअर ही अमेरिकी सरकारची स्वयंसेवकांची योजना अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या आदेशाने १ मार्च १९६१ रोजी सुरू झाली आणि शेती, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी परदेशी निघालेल्या तिच्या स्वयंसेवकांची तयारी आरंभी मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारातच करून घेतली जाई. भारतातही १९६१ ते १९७६ या काळात असे स्वयंसेवक येत असत. वर्गात घोकलेली भाषा आणि टिपणांतून कळलेला समाज गावात पाऊल टाकताच अपुरा पडतो; पुढे हे प्रशिक्षण त्या त्या देशातच होऊ लागले, हे योग्यच झाले.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये हे स्वयंसेवक १९६३ पासून जात आले आहेत. तेथे थियेस शहरातील केंद्राशी संबंध ठेवून प्रशिक्षणार्थी लहान लहान गटांनी आसपासच्या वस्त्यांत राहतात आणि प्रत्येकाला एक यजमान कुटुंब, म्हणजे त्याला आपल्या घरात ठेवून घेणारे स्थानिक कुटुंब, मिळते. हे कुटुंब त्याला सेनेगली नाव देते, आडनावही बहुधा आपलेच लावते. त्यामुळे गावाच्या लेखी तो अमक्याच्या घरचा ठरतो आणि त्याच्या वागण्याचा बरावाईट बोलही त्या घराला लागतो.

देशात सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या वोलोफ भाषेत दोन माणसे भेटली की आधी सलाम, मग प्रकृती, घरची मंडळी, कामधाम अशी चौकशी चालते आणि तिला वारंवार ‘जाम्म रेक’, म्हणजे ‘सारे क्षेम’, असे उत्तर मिळते. ही विचारपूस टाळून थेट कामाचे बोलणारा, त्याला शेतीचे कितीही ज्ञान असो, उर्मट समजला जातो. दुपारचा मासळी-भात एकाच मोठ्या परातीत वाढला जातो आणि सगळे तिच्याभोवती बसतात. प्रत्येकाने आपल्यासमोरचेच उजव्या हाताने वा चमच्याने खायचे, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, आणि मधोमध ठेवलेली मासळी व भाज्या घरातली बाई हाताने मोडून एकेकापुढे सारते, पाहुण्यापुढे अंमळ जास्तच.

पदवी घेऊन आलेला प्रौढ माणूस या घरात पाणी आणणे, बादलीभर पाण्यात अंघोळ उरकणे, मच्छरदाणी नीट खोचणे अशा साध्या गोष्टींसाठीही इतरांवर अवलंबून असतो आणि त्याच्या उच्चारांना हसणारी लहान मुले तेच शब्द त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. हे अवघडलेपण सोसणे हाच या प्रशिक्षणाचा गाभा आहे, कारण गावाची मदत घेणे ज्याला जमले नाही, त्याची मदतही गाव मनापासून स्वीकारत नाही.

साधारण तीन महिन्यांनी तोंडी भाषापरीक्षा आणि शपथविधी झाल्यावर स्वयंसेवक दोन वर्षांसाठी दुसऱ्याच ठिकाणी जातो, आणि तिथले नवे यजमान कुटुंब बऱ्याचदा त्याचे नावही नव्याने ठेवते.