गेल्या किती, आल्या किती

करावे गावाला पूर्वी एकच सुई होती, असं माझी आत्या सांगते. डॉक्टर सायकलवर यायचे. काचेची सिरिंज, जाड सुई आणि ती उकळायला एक डबी. ज्याच्या घरी ताप त्याच्या स्टोव्हवर डबी चढायची. पाण्याला आधण आलं की सुई निघायची, टोचली जायची. पुढच्या घरी पुन्हा आधण. पावसाळ्यात आजारी फार असले की मधलं एखादं आधण गळायचं. ‘‘तेव्हा कुठं काय झालं कुणाला?’’ आत्या विचारते. झालंही असेल. काविळीने माणसं गेलीच की गावात. ती सुईतून आली असेल असा संशय घ्यायला कोणी नव्हतं, एवढंच.

आत्याला मी माझं काम याच डबीवरून समजावलं. आधी तिला ते पटतच नव्हतं. घरातली मुलगी नर्सिंग शिकते, मग हॉस्पिटलात लागायचं सोडून गर्दुल्ल्यांना सुया वाटत फिरते, हे तिने गावात कोणाला सांगायचं? मी म्हटलं, ‘‘आत्या, तुमच्या वेळी गावाला एक सुई होती. आमच्याकडे पाचजणांत एक असते, आणि उकळायला डबीही नसते. मी फक्त ज्याची त्याला देते.’’ ती गप्प बसली. पटलं म्हणून नव्हे, कालवण उतू चाललं होतं म्हणून.

सकाळी सीवूड्स-दारावेहून हार्बरची गाडी पकडते. कुठल्या स्टेशनवर उतरते ते लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या तिथे पोलिसांची गाडी येईल, पोरं पांगतील आणि त्यांना पुन्हा शोधायला आम्हाला दोन महिने लागतील. रुळांच्या बाजूला मोडकी भिंत आहे, भिंतीमागे पुलाची सावली, एवढं पुरे. ऑफिसच्या भाषेत तो ‘हॉटस्पॉट’.

आमचा पीअर माझ्या अर्धा तास आधी तिथे पोहोचतो. त्याला सगळे मामा म्हणतात. अकरा वर्षं तो स्वतः टोचून घेत होता, आता काही वर्षं जिभेखालच्या गोळीवर आहे. या कामात सरकारी नियमानेच अशा माणसाला घेतात, आणि नियमांत शहाणपणाचे जे थोडे आहेत त्यांतला हा एक. मी डिग्री घेऊन उभी राहिले तर भिंतीमागे कोणी नसतं. मामाने शीळ घातली की तीन डोकी वर येतात.

पिशवीत काय असतं? एक आणि दोन मिलीच्या सिरिंज, सुट्या सुया, स्पिरिटचे स्वॅब, निरोध, मलमपट्टीचं सामान. शिवाय टोचणार नाही अशा जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा आणि एक लांब चिमटा. सुया मागणारे फार चोखंदळ असतात. ‘‘सिस्टर, वो मोटीवाली मत दो, नस फाड देती है.’’ खरंच आहे. शिरा वाळून गेलेल्या हातांना जाड सुई म्हणजे जखम.

देणं सोपं आहे. दिवसाचं काम परत घेण्यात आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, एक जुनी आण, एक नवी ने, असा सरळ व्यवहार असेल. ‘नीडल एक्स्चेंज’ या कामाच्या नावाने तसं वाटतंच. मीही सुरुवातीला तसंच वागत होते. एकजण रिकाम्या हाताने आला, मी म्हटलं, आधी जुनी आण. तो हसला, ‘‘ठीक है सिस्टर’’ म्हणाला आणि पाच पावलांवर बसलेल्या मित्राची वापरलेली सुई घेऊन माझ्यासमोरच टोचून घेतली. तेव्हापासून मी नुसतं विचारते, अडवत नाही. दिवसातून तीनदा टोचणाऱ्याला तीन लागतात, मग त्याने आणलेली एक असो की शून्य.

आणि ते परत का आणत नाहीत? आळसामुळे आणत नाहीत, असं आमच्या मीटिंगांत म्हणतात. मला दिसतं ते वेगळं. झडती झाली आणि खिशात वापरलेली सिरिंज निघाली की तो माणूस गेला. म्हणून टोचून झालं की ती भिंतीपलीकडे भिरकावतात. तिकडे अनवाणी पोरं भंगार वेचतात, सकाळी सफाई कामगार हातानेच कचरा ओढतो. म्हणून तो चिमटा. मामा गटाराच्या कडेने वाकून वाकून उचलतो, कावळा माशाचं डोकं उचलतो तसा, आणि मी डबा धरते. टोपण पुन्हा बसवायचं नाही, हा पहिला धडा. अनेकांना सुई लागते ती टोपण बसवतानाच.

मलाही तशीच लागली. दुसऱ्याच महिन्यात. कोणाचा दोष नव्हता, माझीच सवय. अंगठ्यावर रक्ताचा टिपका. साबणाने धुतलं आणि सरकारी रुग्णालय गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आकडे सांगितले ते अजून पाठ आहेत: एचआयव्हीची भीती हजारात तीन, हेपेटायटिस सीची शंभरात दोन-तीन, आणि लस न घेतलेल्याला हेपेटायटिस बीची शंभरात तीसपर्यंत. लस मी घेतली होती. एचआयव्ही रोखणारं औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू करावं लागतं, पुढे 28 दिवस. त्या गोळ्या मी घरी तांदळाच्या डब्यात लपवल्या. रोज रात्री डब्यात हात घालताना आत्या बघायची. तिने काही विचारलं नाही. तीन महिन्यांनी शेवटची तपासणी झाली आणि निकाल चांगला आला, तेव्हा मी रिकामी बाटली तिला दाखवली. ती म्हणाली, ‘‘मला वाटलं गो, पोटुशी राहायचं औषध घेतेस.’’

सुई बदलून भागत नाही, हे शिकवायला जास्त वेळ जातो. पावडर विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस, पाण्याची बाटली या तिन्ही गोष्टींवर रक्त येतं, आणि त्या सगळे मिळून वापरतात. एचआयव्ही हवेत फार तग धरत नाही, पण हेपेटायटिस सी चिवट आहे. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो दोन महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्याचं औषध 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट मिळतं, आणि बारा आठवड्यांत बहुतेक बरे होतात. पण एकदा बरा झालेला पुन्हा त्याच बाटलीतलं पाणी ओढतो आणि पुन्हा रांगेत येतो.

लोक विचारतात, सिरिंज केमिस्टकडे मिळते की, पाच-दहा रुपयांत. मिळते, मला. मामाला मिळत नाही. दुकानदार चेहरा बघतो, हातावरचे डाग बघतो आणि ‘स्टॉक नाही’ म्हणतो. 1984 साली ॲमस्टरडॅममध्ये अगदी हेच झालं होतं. मध्यवर्ती भागातल्या एका औषध दुकानाने अशा गिऱ्हाइकांना सिरिंज विकणं थांबवलं, हेपेटायटिस बी पसरायची भीती होती, तेव्हा व्यसनी माणसांच्याच संघटनेने शहराच्या आरोग्य खात्याला सोबत घेऊन सुयांची अदलाबदल सुरू केली. जगातला हा पहिला कार्यक्रम मानतात. आपल्याकडे जाग आली मणिपूरमुळे. तिथे 1989-90 च्या सुमाराला टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही सापडला आणि बघता बघता त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंत पोहोचला. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी 1995 मध्ये ‘संकल्प’ ही संस्था काढली, ती अशाच रस्त्यावरच्या माणसांसाठी. मराठी वाचकाला गर्द ठाऊक आहे तो अनिल अवचटांमुळे, आणि 1986 च्या पुण्यातल्या मुक्तांगणमुळे. मुक्तांगणचं काम मोठं आहे, पण तिथे दार उघडतं ते सोडायचं ठरवलेल्याला. आमच्याकडे येतो तो न ठरवलेला. तो ठरवेपर्यंत जिवंत आणि निरोगी राहावा, एवढीच आमची धडपड. दोन्ही कामं एकमेकांविरुद्ध उभी करणाऱ्यांनी एकदा भिंतीमागे येऊन बसावं.

‘तुम्हीच त्यांना नशा करायला देता’ हे वाक्य मी ट्रेनमध्ये, लग्नात आणि एकदा तर चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो बघायला आलेल्या ओळखीच्या बाईंकडूनही ऐकलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 मध्ये जगभरचे अभ्यास तपासले, सुया दिल्याने नशा वाढते असा भरवशाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मी मात्र बाईंना हे सांगितलं नाही. विचारलं, ‘‘तुमच्या सोसायटीचा कचरा कोण उचलतं?’’

पोलिसांचा प्रश्न अवघड. कायदा आमच्या बाजूने आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम 22 प्रमाणे संसर्ग टाळण्यासाठी सुया देणं हा गुन्हा नाही. त्या पानाची झेरॉक्स माझ्या पिशवीत असते, घामाने मऊ झालेली. पण नशा करणं 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली अजून गुन्हाच आहे. म्हणजे माझ्या हातातली सुई कायदेशीर, आणि त्याच्या हातात गेली की त्याला उचलून नेण्याचं निमित्त. एका हवालदारसाहेबांना मी ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा काढून नीट वाचलं आणि म्हणाले, ‘‘ताई, हे वरच्यांना पाठवा. मला महिन्याच्या केस दाखवायच्यात.’’ खोटं बोलले नाहीत, हे मला आवडलं.

सर्वांत वाईट दिवस पोलिसांचे नाहीत, साठा संपल्याचे. एकदा वरून सिरिंज आल्याच नाहीत, तीन आठवडे. चौथ्या दिवसापासून परत येणाऱ्या सुया बोथट दिसायला लागल्या, काहींची टोकं काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासून धार लावलेली. त्या तीन आठवड्यांनंतर मी जितकी गळवं फोडली तितकी त्याआधीच्या सहा महिन्यांत फोडली नव्हती. एका पोराच्या जांघेत लिंबाएवढं होतं. हाताच्या शिरा संपल्या की तिथे टोचतात, आणि शेजारीच मोठी धमनी असते. त्याला रिक्षात घालून नेलं. रुग्णालयात केसपेपरवर पत्ता काय लिहू, असं खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. मामाने आमच्या ऑफिसचा सांगितला.

2017 च्या सरकारी पाहणीत देशभरात टोचून नशा करणाऱ्यांमध्ये शंभरात सहाहून थोडे अधिक एचआयव्हीबाधित आढळले. 2021 मध्ये शंभरात नऊ. एकूण प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे. नऊवर कसं गेलं याच्या चर्चा मोठ्या सभागृहांत होतात. मला त्या बोथट सुया आठवतात.

दुपारी केंद्रावर परत. एका खोलीत पंखा, अंघोळीची जागा, कॅरमबोर्ड. पलीकडच्या टेबलावर बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून देतात. ती जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बोलता येत नाही. दहा-बारा माणसं तोंड मिटून, समोर बघत बसलेली असतात. एरवी अखंड बडबडणारी. ही गोळी टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याची तडफड, उतरवते; नशा चढवत नाही. माणूस कामाला जाऊ शकतो. मामा असाच बसून बसून मामा झाला.

मग मोजणी. आणलेल्या सिरिंज चिमट्याने एकेक काढायच्या, हब कटरमध्ये घालून सुई तोडायची. सुई पांढऱ्या डब्यात, प्लॅस्टिक एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास, मग लाल पिशवीत. जैव कचऱ्याची गाडी ठरलेल्या दिवशी येते. वास डोळ्यांत जातो. मोजताना मी बोलत नाही, कारण एकदा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजता येत नाही. सुई तोपर्यंत डब्यात गेलेली असते.

संध्याकाळी गणपतशेठ तांडेल मैदानाजवळून घरी जाताना पोरांचं क्रिकेट चालू असतं. आत्या ओट्यावर बसलेली असते. हल्ली ती रोज एकच विचारते, ‘‘किती गेल्या, किती आल्या?’’ मासळीचा हिशेब विचारावा तसं.

काल 47 गेल्या. 31 हातात परत आल्या. गटाराकडेला 9 सापडल्या. त्या आमच्याच होत्या असं धरलं, तरी 7 बाहेर आहेत.