हरवलेल्या विहिरींच्या मागावर

घरात नवा सिलिंडर लावला की रेग्युलेटरपाशी साबणाचा फेस लावून बघतात, ते पाहिलंय ना? बुडबुडे फुगले की समजायचं, गॅस गळतोय! शिवाय आपलं नाक असतंच मदतीला. पण दोस्तांनो, एक गंमत ठाऊक आहे का? तो वास मुळात गॅसचा नसतोच. गळती चटकन कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं.

आता समजा, गॅसला रंग नाही, वास नाही, आणि तो गळतोय एका जंगलात. तेही नेमका कुठून, ते कुणालाच माहीत नाही! अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शास्त्रज्ञांपुढे हेच कोडं आहे.

त्याची सुरुवात झाली ऑगस्ट १८५९ मध्ये. टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक या माणसाला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. मग काय, झुंबडच उडाली! जो तो उठला आणि तेलविहीर खणू लागला. विहीर म्हणजे आपल्या गावातली रहाट-पायऱ्यांची नव्हे हं, जमिनीत खोलवर गेलेलं वीतभर रुंदीचं भोक. तेल संपलं की मंडळी पुढच्या जागेवर. कुणी भोकात लाकडाचा ओंडका ठोकला, कुणी दगडमाती लोटली, कुणी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. खणण्यापूर्वी परवाना घ्यायचा नियम आला तो जवळजवळ शंभर वर्षांनी! त्यामुळे नोंद नाही, नकाशा नाही, मालकाचा पत्ता नाही. अशा बेवारशी विहिरींना तिकडे ‘अनाथ विहिरी’ म्हणतात. एकट्या पेनसिल्व्हेनियातच त्या लाखांच्या घरात असाव्यात, असा अंदाज आहे.

पडून राहिल्या तर बिघडलं काय? तर त्यांतून मिथेन वायू वर येतो. तो घराखाली साचला तर एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. हवेत गेला, तर तोही उपद्रवच. वीस वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा तो ८० पटींहून जास्त उष्णता अडवून ठेवतो.

म्हणजे आधी विहीर शोधायची. कशी? लोहचुंबकाची युक्ती! बऱ्याच विहिरींत पोलादी पाइप असतो आणि त्यामुळे आसपासचं चुंबकीय क्षेत्र जरासं बदलतं. ते टिपणारं यंत्र हेलिकॉप्टरला किंवा ड्रोनला लावून जंगलावरून फिरवतात. पण इथेही एक मेख आहेच. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली, तेव्हा पुष्कळ विहिरींतले पाइप लोकांनी भंगारासाठी उपसून नेले. आता चुंबक तरी काय करणार बिचारा!

मग जुने नकाशे धुंडाळायचे. कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा राज्यांतल्या जुन्या सरकारी नकाशांवर तेलविहिरीची खूण म्हणजे एक छोटंसं पोकळ वर्तुळ. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ती ओळखायला संगणकाला शिकवलं. तो काही वेळा इंग्रजी ‘ओ’ अक्षरालाच विहीर समजायचा! तरी चार जिल्ह्यांत नोंद नसलेल्या १,३०१ संभाव्य जागा त्यानं दाखवल्या. त्यांतल्या काही ठिकाणी माणसं स्वतः जाऊन खात्री करून आली.

विहीर सापडली, की खरं काम सुरू. साबणाच्या फेसानं गळतंय एवढंच कळतं. किती गळतंय, ते नाही. नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते ते आपण बघतो ना, तसंच इथे करायचं. विहिरीच्या तोंडावर एक हवाबंद पेटी पालथी घालायची आणि थोड्या थोड्या वेळानं आतल्या हवेचे नमुने घ्यायचे. मिथेन जितका भराभर वाढेल, तितकी गळती मोठी. मेरी कांग प्रिन्स्टन विद्यापीठात पीएच.डी. करत होत्या, तेव्हा २०१३-१४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १९ पडीक विहिरी अशा मोजल्या.

तुम्ही म्हणाल, दलदलीतूनही मिथेन निघतो की! मग हा विहिरीतलाच कशावरून? शाब्बास, शंका रास्त आहे. म्हणून त्यांनी जवळपासच्या, विहीर नसलेल्या जमिनीवरही पेट्या ठेवल्या. शिवाय खोल भूगर्भातल्या गॅसबरोबर इथेन आणि प्रोपेन येतात. दलदलीत सूक्ष्मजीव मिथेन बनवतात, त्यात हे दोघे जवळजवळ नसतातच. नमुन्यात ते सापडले की चोर पकडलाच म्हणा!

या मोजणीत एक नवल दिसलं. १९ पैकी मधल्या क्रमांकाच्या विहिरीतून दिवसाला जेमतेम सव्वा ग्रॅमच्या आसपास मिथेन निघत होता. पण तीन विहिरी अशा निघाल्या, की त्यांची गळती याच्या हजारपटीच्या घरात! आणि बाहेरून पाहावं, तर गवतात गंजलेला पाइप; साधा कोणता न् द्वाड कोणता, नुसतं बघून कळायचं नाही.

एकेक विहीर खोलपर्यंत साफ करायची, मग सिमेंट भरून बुजवायची, हे काम फार खर्चाचं. अमेरिकन सरकारनं २०२१ च्या कायद्यात त्यासाठी ४७० कोटी डॉलर ठेवले, तरी साऱ्या विहिरींना ते पुरणारे नाहीत. म्हणून आधी त्या द्वाड विहिरींचा नंबर लावायला हवा. सिमेंट भरल्यानंतरही माणसं मोजायचं यंत्र घेऊन तिथे पुन्हा जातात. बूच नीट बसलंय ना, ते बघायला.