बोर्रा गुहांचा ‘शोध’ आणि १८०७ साल

कल्याण-ठाण्याकडचा कातळ बसाल्टाचा. पाणी त्याला झिजवते, फोडते. विरघळवून पोकळ करत नाही. म्हणून आपल्याकडची गुहा बहुधा छिन्नीने होते, आणि छिन्नीला पैसा लागतो. तो कुणी दिला हे कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत कोरलेले आहे. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी दिली, नंद लोहाराने वाट दिली. त्या लेखांची सवय लागल्यामुळे असेल, विशाखापट्टणमच्या वरच्या अंगाला, अनंतगिरीच्या डोंगरातल्या बोर्रा गुहा पाहतानाही माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो नावाचाच.

ही गुहा अर्थातच कुणी खोदलेली नाही. तिथला दगड चुनखडक. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डाय-ऑक्साइड घेते आणि सौम्य आम्ल बनते. ते भेगांत शिरून चुनखडक विरघळवते. भेगेची पोकळी, पोकळीचे दालन होते. पुढे हेच पाणी छतातून ठिबकते तेव्हा त्यातला वायू हवेत निघून जातो आणि चुना मागे राहतो. वरून लोंबणारे आणि खालून उठणारे लवणस्तंभ असे वाढतात. कधी एकमेकांना भिडून खांबही होतो. हा व्यवहार इतका संथ, की माणसाच्या आयुष्यात त्याची वाढ नजरेला जाणवू नये. आता तिथे पायऱ्या, कठडे, रंगीत दिवे आहेत. (रंग नसते तर दगड अधिक दिसला असता.)

आता शोधाची गोष्ट. प्रवासवर्णनांत आणि माहितीपत्रकांत एक वाक्य ठरलेले असते: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८०७ साली या गुहा शोधल्या. कुठे कुठे त्यांचे ‘विल्यम किंग जॉर्ज’ही होतात. पण हे खाते स्थापन झाले १८५१ साली आणि किंग त्यात आले १८५७ साली. म्हणजे खाते निघण्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधी त्याचा अधिकारी डोंगरात हिंडत होता! साल तरी चुकीचे, नाहीतर माणूस तरी. दोन्ही एकत्र खरे असू शकत नाहीत. एकाने छापले, दुसऱ्याने उतरवले, एवढाच या सालाचा आधार दिसतो.

डोंगरातले आदिवासी वेगळे सांगतात. चरणारी गाय वरच्या भोकातून आत पडली. तिला शोधत उतरलेल्या गुराख्याला लिंगासारखा दगड दिसला. गाय वाचली ती शिवाच्या कृपेने, असे लोकांनी मानले आणि तिथे पूजा सुरू झाली. गुहेशी जोडलेल्या नदीचे नाव गोस्तनी. ही कथाही पुरावा नव्हे. पण तिच्यात निदान अशक्य असे काही नाही, आणि वरचे भोक आजही आहे. गुराख्याचे नाव मात्र कथेत कुठेच येत नाही. महाशिवरात्रीला आसपासच्या पाड्यांवरची माणसे त्या लिंगाच्या दर्शनाला येतात.