मदरबोर्ड गेला म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही
लॅपटॉप चालूच होईना, की बहुतेक ठिकाणी आख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतात आणि खर्च ऐकून माणूस हबकतो. आधी चिप-लेव्हल दुरुस्ती करणारा गाठा; मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर आहेत. पुष्कळदा १९ व्होल्टच्या लाइनवरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. मल्टिमीटरने तो हुडकला, हॉट एअरने काढून नवा बसवला, की बोर्ड पुन्हा जिवंत. ग्राफिक्स चिपच गेली असेल तर मात्र नुसती तापवून चालू करून देणाऱ्याला पैसे देऊ नका, ते फार टिकत नाही. त्यापेक्षा त्याच पार्ट नंबरचा जुना बोर्ड वॉरंटी लिहून घेऊन बसवा. एसएसडी बोर्डावर सोल्डर केलेली नसेल तर दुरुस्तीला देण्याआधी काढून घ्या. डेटा तुमच्याकडेच राहील.