डीबगरचा दुभाष्या

चालता प्रोग्रॅम हव्या त्या जागी थांबवणे, त्याच्या मेमरीत डोकावणे आणि त्याला एकेक ओळ पुढे सरकवणे ही डीबगरची मुख्य कामे. कमांड लाइनवर चालणाऱ्या डीबगरमध्ये ही सारी कामे टाइप केलेल्या ओळींतून करून घ्यायची असतात. ती ओळ वाचणारा, तिचा अर्थ लावणारा आणि काम योग्य जागी सोपवणारा भाग म्हणजे कमांड इंटरप्रिटर, म्हणजेच आज्ञांचा दुभाष्या. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप होतात. या लेखात त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

वरवर पाहता त्याचे काम फार सोपे आहे. ओळ वाचायची, पहिला शब्द वेगळा काढायचा, तो कोष्टकात शोधायचा, त्याच्यासमोर नोंदवलेले फंक्शन चालवायचे आणि पुन्हा प्रॉम्प्ट दाखवायचा. ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायच्या आज्ञा वाचणारा शेलही जवळपास हेच करतो. डीबगरची अडचण मात्र वेगळीच आहे. त्याच्या एकाच ओळीत दोन भाषा नांदतात. 'प्रिंट टोटल-५' या ओळीतला 'प्रिंट' हा शब्द डीबगरचा, आणि पुढचे 'टोटल-५' हे तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या भाषेतले, सी, सी++ किंवा पायथनमधले. पहिल्या भाषेचे व्याकरण डीबगर लिहिणाऱ्याच्या हातात असते, दुसरीचे नसते. मोकळी जागा, अवतरणचिन्हे, कंस, उणे चिन्ह यांचे अर्थ दोन्हीकडे वेगळे. या दोन भाषांची हद्द कुठे आखायची, हाच दुभाष्याच्या रचनेतला खरा प्रश्न आहे आणि बाकीचे बरेच निर्णय त्यातून निघतात.

सुरुवातीच्या डीबगरांपुढे हा प्रश्न नव्हता, कारण ते थेट यंत्राच्या मेमरीशी बोलत. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६१ मध्ये पीडीपी-१ या संगणकासाठी डीडीटी नावाचा डीबगर तयार झाला. प्रोग्रॅममधल्या चुकांना 'बग' म्हणजे किडे म्हणत, म्हणून नाव कीटकनाशकाचे. त्याआधी तिथल्याच टीएक्स-० या संगणकावर अशाच साधनाला 'फ्लिट' म्हणत. ढेकूण-डासांच्या औषधाला सरसकट फ्लिट म्हणणाऱ्या मराठी घरांना हा विनोद लगेच कळेल. डीडीटीमध्ये मेमरीतला पत्ता टाइप करून तिरकी रेघ दाबली की त्या जागेतला मजकूर त्याच ओळीवर उमटे. पुढे नवा आकडा टाइप केला की तो तिथे लिहिला जाई. 'दाखव' आणि 'बदल' असे शब्दच नव्हते. टंकयंत्रासारखी टर्मिनले सेकंदाला दहाएक अक्षरे छापत, तेव्हा प्रत्येक अक्षर महाग होते. पुढे एमआयटीच्याच आयटीएस या प्रणालीत डीडीटी हाच वापरकर्त्याचा मुख्य आज्ञा-दुभाष्या झाला. म्हणजे डीबगर हाच शेल.

युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला एडीबी हा डीबगर स्टीफन बॉर्न यांचा. त्याच आवृत्तीतला प्रसिद्ध शेलही त्यांचाच. एडीबीचे व्याकरण आधी पत्ता, मग स्वल्पविराम आणि संख्या, शेवटी एका-दोन चिन्हांची आज्ञा, असे आटोपशीर होते. टिम पॅटर्सन यांनी ८६-डॉस या प्रणालीसाठी लिहिलेला आणि पुढे एमएस-डॉसबरोबर घरोघरी पोहोचलेला 'डीबग' याच घराण्यातला. त्याचा प्रॉम्प्ट म्हणजे नुसती आडवी रेघ. डी म्हणजे मेमरी दाखव, जी म्हणजे चालू कर, क्यू म्हणजे बाहेर पड. यात एक निर्णय सहज नजरेआड होतो: डीबगमध्ये लिहिलेला प्रत्येक आकडा षोडशमान पद्धतीने वाचला जाई. १० म्हणजे सोळा. मायक्रोसॉफ्टचा विनडीबीजी हा डीबगर आजही मुळात तसाच वाचतो आणि दशमान आकड्याआधी शून्य-एन लिहायला लावतो. पत्ते षोडशमानात असतात म्हणून ही सोय, पण 'पुढच्या १० ओळी' मागणाऱ्याला ती गोत्यात आणते. अंक कोणत्या पद्धतीने वाचायचे, हे पहिल्या दिवशीच ठरवून प्रत्येक उत्तरात दिसेल असे ठेवायला हवे.

अक्षरांकडून शब्दांकडे झालेला प्रवास जीडीबीमध्ये स्पष्ट दिसतो. जीएनयू प्रकल्पासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला; नमुना होता बर्कली युनिक्सबरोबर येणारा डीबीएक्स. 'ब्रेक', 'स्टेप', 'प्रिंट' असे पूर्ण शब्द, पण ते पूर्ण टाइप करायची सक्ती नाही. जेवढ्या अक्षरांत आज्ञा निःसंदिग्ध ठरते, तेवढी पुरे. काही वारंवार लागणाऱ्या आज्ञांना त्याहून जास्त मान आहे: एसने सुरू होणाऱ्या कितीतरी आज्ञा असल्या तरी नुसता 'एस' म्हणजे 'स्टेप' हे ठरलेले. दिवसातून शेकडो वेळा लागणाऱ्या आज्ञेसाठी हे योग्यच आहे. धोका असा की, आज निःसंदिग्ध असलेले संक्षिप्त रूप उद्या नवी आज्ञा आली की संदिग्ध होते आणि कुणीतरी लिहून ठेवलेली स्क्रिप्ट मोडते. म्हणून संक्षेप प्रॉम्प्टवर वापरावेत आणि स्क्रिप्टमध्ये पूर्ण शब्द लिहावेत, हा नियम पाळण्यासारखा आहे.

संक्षेप आणि दोन भाषांची सरमिसळ एकत्र आली की काय होते, याचे उत्तम उदाहरण जीडीबीच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच दिले आहे. 'सेट' या आज्ञेला तिथे दोन कामे आहेत: डीबगरची एखादी सेटिंग बदलणे आणि प्रोग्रॅममधल्या व्हेरिएबलला किंमत देणे. प्रोग्रॅममध्ये 'जी' नावाचे व्हेरिएबल आहे, त्याची किंमत १ आहे. वापरकर्ता 'सेट जी=४' असे लिहितो. दुभाष्या त्यातला 'जी' हा 'जीएनयूटार्गेट' या सेटिंगचा संक्षेप समजतो आणि तिची किंमत '=४' अशी करून मोकळा होतो. तक्रार नाही, इशारा नाही. व्हेरिएबल १ च राहते, आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवायला गेले की फाइल वाचता येत नाही असा भलताच संदेश येतो. पुस्तिकेचा उपाय म्हणजे 'सेट व्हेरिएबल' अशी पूर्ण आज्ञा लिहिणे. हा दोष किरकोळ नव्हे. डीबगर वापरणारा माणूस आधीच आपल्या प्रोग्रॅमवर अविश्वास ठेवून बसलेला असतो; त्या वेळी विश्वास ठेवण्याजोगी एकच गोष्ट त्याच्यासमोर असते, ती डीबगर. शंका असताना दुभाष्याने अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे केव्हाही बरे.

दोन भाषांची हद्द आखण्याच्या दोन रीती रूढ आहेत. जीडीबीमध्ये दुभाष्या फक्त आज्ञेचा शब्द ओळखतो आणि उरलेली सारी ओळ जशीच्या तशी त्या आज्ञेच्या फंक्शनकडे देतो. तिचे काय करायचे ते फंक्शन ठरवते. 'प्रिंट'ला हे फार सोयीचे, कारण सी++ ची कितीही गुंतागुंतीची पदावली अवतरणचिन्हांशिवाय लिहिता येते. पण प्रत्येक आज्ञेचे व्याकरण वेगळे होऊन बसते. 'ब्रेक' आज्ञेत फाइलचे नाव, विसर्गासारखे कोलन आणि ओळीचा क्रमांक येतो. सी++ च्या नावांतही दोन कोलन येतात, विंडोजच्या ड्राइव्हनंतरही एक येतो, आणि मागे 'इफ' लावून अटही जोडता येते. ही ओळ वाचणारा कोड सरळ राहूच शकत नाही.

एलएलव्हीएम प्रकल्पातला, २०१० मध्ये जाहीर झालेला एलएलडीबी दुसऱ्या टोकाला गेला. तिथे प्रत्येक आज्ञेचा साचा एकच: आधी नाम, मग क्रियापद, मग पर्याय, मग उरलेले घटक. जीडीबीतले 'ब्रेक फू.सी:१२' तिथे 'ब्रेकपॉइंट सेट --फाइल फू.सी --लाइन १२' होते. ओळीचे तुकडे दुभाष्याच करतो, पर्याय तोच तपासतो, आणि आज्ञेच्या फंक्शनला नीट लावलेली सामग्री मिळते. म्हणूनच कोणताही पर्याय टॅब दाबून पूर्ण करता येतो. लांबीची भरपाई टोपणनावे करतात. नुसता 'बी' लिहून जुन्या धाटणीने ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबण्याची जागा, लावता येईल अशी व्यवस्था आधीपासूनच दिलेली आहे. तरीही 'एक्स्प्रेशन'सारख्या आज्ञांपुरते एलएलडीबीलाही ओळीचे तुकडे करणे सोडून द्यावे लागले. अशा आज्ञांत पर्याय संपले हे सांगायला दोन आडव्या रेघा लिहायच्या. त्यापुढचा मजकूर प्रोग्रॅमच्या भाषेचा. पर्याय आणि उणे आकडा यांत घोळ होऊ नये म्हणून जीडीबीच्या 'प्रिंट'नेही पुढे हीच खूण स्वीकारली. नव्याने दुभाष्या लिहिणाऱ्याने एलएलडीबीचा साचा घ्यावा आणि पदावली घेणाऱ्या आज्ञांना त्यातून उघडपणे सूट द्यावी, हे सर्वांत टिकाऊ.

कोष्टकातल्या प्रत्येक आज्ञेपुढे फंक्शन, मदतीचा मजकूर आणि टॅब दाबल्यावर काय सुचवायचे ते सांगणारे दुसरे फंक्शन, एवढे तरी असावे. 'इन्फो'सारख्या आज्ञांखाली पुन्हा उपआज्ञांचे कोष्टक असते, म्हणून खरी रचना झाडासारखी होते. मदत कोडपासून दूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवली की ती शिळी होते. आज्ञेच्या नोंदीतच ठेवली तर नोंद करणाऱ्याला ती लिहावीच लागते.

रिकामी ओळ, म्हणजे नुसते एंटर, याचा अर्थ शेलमध्ये काहीच नसतो. अनेक डीबगरांमध्ये तो 'मागचेच पुन्हा' असा घेतात. एकेक पाऊल पुढे जाणाऱ्याला यासारखी सोय नाही. पण शब्दशः पुनरावृत्ती नेहमी उपयोगी नसते. जीडीबीत 'लिस्ट' नंतर एंटर दाबले तर त्याच ओळी पुन्हा न येता पुढच्या येतात. मेमरी दाखवणारी 'एक्स' आज्ञाही पुढच्या पत्त्यांकडे सरकते. उलट 'रन' एंटरने पुन्हा चालत नाही, कारण चुकून दाबलेल्या एका कळीने तासाभराची मांडणी पुसली जाऊ शकते. म्हणजे पुनरावृत्ती चालेल का, आणि चालली तर कोणत्या रूपात, हेही प्रत्येक आज्ञेच्या नोंदीतच असायला हवे.

चुकांच्या बाबतीत नियम कडक आहे: आज्ञा फसली तरी डीबगर जिवंत राहिला पाहिजे आणि थांबलेला प्रोग्रॅम जसाच्या तसा राहिला पाहिजे. एखादा दोष दोन दिवसांतून एकदाच प्रकट होतो. तो पकडून प्रोग्रॅम थांबवलेला असताना चुकीच्या पत्त्याची मेमरी मागितली म्हणून डीबगरच कोसळला, तर ते दोन दिवस गेले. त्यामुळे प्रत्येक आज्ञा एका कुंपणात चालवतात. आतली कोणतीही चूक कुंपणापाशी अडते, संदेश छापला जातो आणि प्रॉम्प्ट परत येतो. कंट्रोल-सी दाबल्यावर काय व्हावे, हे प्रोग्रॅम चालू आहे की प्रॉम्प्ट समोर आहे यावर ठरते. चालू असेल तर प्रोग्रॅम थांबतो, मरत नाही; प्रॉम्प्टवर असेल तर अर्धवट टाइप केलेली ओळ फक्त रद्द होते.

त्याच त्या आज्ञा रोज टाइप करायचा कंटाळा आला की माणूस त्या फाइलमध्ये लिहितो आणि दुभाष्याला प्रोग्रॅमिंगची भाषा व्हावे लागते. जीडीबीत 'डिफाइन'ने नवी आज्ञा बनते, 'इफ' आणि 'व्हाइल' आहेत, छापलेली प्रत्येक किंमत डॉलर चिन्हासह क्रमांक घेऊन इतिहासात राहते. ही घरगुती भाषा लवकरच अपुरी पडते. २००९ च्या ७.० आवृत्तीत जीडीबीने पायथन आत घेतली, तो निर्णय योग्यच होता. स्वतःची स्क्रिप्टभाषा वाढवत नेण्यापेक्षा तयार भाषा जोडणे शहाणपणाचे. स्क्रिप्टमधून आलेली आज्ञा आणि माणसाने टाइप केलेली आज्ञा यांतला फरक मात्र दुभाष्याला कळायला हवा. जीडीबीत प्रत्येक आज्ञेच्या फंक्शनला ही माहिती वेगळ्या घटकातून मिळते. 'खात्री आहे का?' हा प्रश्न समोर माणूस असतानाच विचारण्यात अर्थ आहे.

एडिटरसारखे दुसरे प्रोग्रॅम डीबगर चालवू लागले, तेव्हा माणसासाठी छापलेला मजकूर वाचून अर्थ काढणे किती ठिसूळ आहे ते कळले. संदेशातला एक शब्द बदलला की बाहेरचा प्रोग्रॅम मोडे. म्हणून जीडीबीने यंत्रासाठी एमआय नावाचा वेगळा दुभाष्या दिला. त्याची उत्तरे ठरावीक साच्यात येतात. आज्ञेने उत्तर तयार करावे आणि ते कुणासाठी कसे छापायचे ते दुसऱ्या भागाने ठरवावे, ही विभागणी सुरुवातीला केली तर स्वस्त पडते.

एक बाब मराठी वाचकाच्या जवळची. २००८ च्या पायथन ३ पासून व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते. 'किंमत' हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, युनिकोडमध्ये ती पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. ओळीचे तुकडे करणारा कोड फक्त 'अक्षर' या वर्गातली चिन्हे नावात धरत असेल तर पहिल्याच वेलांटीशी नाव तुटते, कारण युनिकोडच्या हिशेबात वेलांटी आणि अनुस्वार ही अक्षरे नाहीत, जोडचिन्हे आहेत. बॅकस्पेस आणि कर्सर यांचाही हिशेब त्यामुळे चुकतो.

पायथनचा पीडीबी हा डीबगर यातून नकळत सुटला आहे. तो त्याच भाषेच्या 'सीएमडी' या मॉड्यूलवर उभा आहे. पीडीबीत 'एन' म्हणजे 'नेक्स्ट' आणि 'सी' म्हणजे 'कंटिन्यू'. त्यामुळे 'एन' नावाच्या व्हेरिएबलची किंमत पाहायला जावे तर प्रोग्रॅम एक ओळ पुढे सरकतो. ते टाळायला आधी 'पी' ही आज्ञा किंवा उद्गारचिन्ह लिहावे लागते. 'सीएमडी' हे मॉड्यूल आज्ञेच्या नावात फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा मानते. देवनागरीने सुरू होणारी ओळ त्याच्या लेखी आज्ञा असूच शकत नाही. ती सरळ पायथनकडे जाते, आणि 'संख्या' असे लिहिले की संख्येची किंमत समोर येते. हे मॉड्यूल काहीशे ओळींचे आहे, पायथन बसवलेल्या प्रत्येक संगणकात वाचायला उपलब्ध आहे, आणि ज्याला स्वतःचा दुभाष्या लिहायचा आहे त्याने सुरुवात तिथूनच करावी.